गिरणगावाखालचा कातळ

खडक तीन वाटांनी तयार होतात. जमिनीच्या पोटातला शिलारस निवून घट्ट झाला, की अग्निजन्य खडक बनतो. ऊन, पाऊस, वारा, नद्या आणि समुद्र यांनी झिजवलेला चुरा थरावर थर साचत जाऊन दबला आणि त्याचे कण एकमेकांना धरून राहिले, की गाळाचा खडक तयार होतो. आणि यांपैकी कोणताही खडक प्रखर उष्णतेच्या किंवा दाबाच्या कचाट्यात सापडून, न वितळता आतून पालटला, की त्याला रूपांतरित खडक म्हणतात. हे तीन वर्ग म्हणजे कायमच्या जाती नव्हेत. अग्निजन्य खडक झिजून गाळ होतो, गाळ खोल दबून पालटतो, आणखी खोल गेला तर वितळतो आणि पुन्हा शिलारस बनून वर येतो. या फेऱ्याला सुरुवात दिसत नाही आणि शेवटही दिसत नाही, असे प्रतिपादन स्कॉटलंडच्या जेम्स हटनने केले. १७८८ साली त्याचा प्रबंध छापला गेला आणि आधुनिक भूविज्ञानाचा पाया घातला गेला.

मुंबईच्या खडकाची ओळख मात्र बहुतेकांच्या लेखी ‘काळा दगड’ या दोन शब्दांत संपते. महाराष्ट्राचा फार मोठा भाग लाव्ह्याचा, मुंबई महाराष्ट्रात, म्हणून मुंबईही लाव्ह्याची, एवढे शाळेत शिकलेले असते. ते खरेही आहे, पण अपुरे आहे. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या जुन्या मुंबई बेटावर, म्हणजे लोकलच्या अर्ध्या तासाच्या प्रवासात, निवलेला लाव्हा, ज्वालामुखीची राख, तळ्याच्या तळाशी साचलेला चिखल, गरम पाण्याने रंग आणि घटक पालटलेला बेसाल्ट आणि शिंपल्यांचा नुकता घट्ट झालेला खडक, असे सगळे एकापाठोपाठ सापडते. एवढ्या लहान जागेत एवढा ऐवज असलेली मोठी शहरे थोडी.

सुरुवात लाव्ह्यापासून करणे भाग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपासच्या तप्त स्थानावरून उत्तरेकडे सरकत होता. त्या काळात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा उसळला आणि शंकूसारखे डोंगर न उभारता पाण्यासारखा सपाट पसरत गेला. एक पूर आला, निवला, त्यावर दुसरा आला. आज त्या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे आणि सह्याद्रीजवळ त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. काही प्रवाह तर आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. सह्याद्रीतला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला. याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड अशनी आदळला आणि डायनोसॉर नामशेष झाले. त्या संहारात दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

हा लाव्हा साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सियस तापमानाचा असतो आणि त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास असते. सिलिका कमी म्हणून तो पातळ. पातळ म्हणून तो दूरवर वाहतो. उघड्यावर आल्यामुळे तो लवकर निवतो आणि स्फटिकांना मोठे होण्यास अवधी मिळत नाही. या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा, ताजा तुकडा भिंगाखाली धरला तर काळसर गिचमिडीत फेल्डस्पारच्या बारीक चकचकीत काड्या दिसतात, त्यांच्या मधे पायरॉक्सीनचे काळपट कण असतात आणि उरलेल्या फटीत काच असते. हाच शिलारस जमिनीखाली लाखो वर्षे सावकाश निवला असता, तर हे स्फटिक नुसत्या डोळ्यांना सुटे सुटे दिसले असते. घरातले पाटा-वरवंटा आणि जाते याच घट्ट, बारीक कणांच्या बेसाल्टचे असत. कण बारीक आणि एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे दगड झिजतो सावकाश, पण झिजला की गुळगुळीत होतो. म्हणून दारोदार फिरणारे टाकीवाले त्याला वरचेवर टाकी लावून देत.

मुंबईतला लाव्हा मात्र सह्याद्रीच्या लाव्ह्यापेक्षा तरुण आहे. खडकाचे वय काढण्याची खात्रीची पद्धत त्यातल्या पोटॅशियमवर चालते. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अत्यंत ठरावीक वेगाने पालटत राहतो आणि त्यातला काही भाग आर्गॉन वायू होतो. निम्मा साठा संपायला त्याला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. खडक घट्ट झाल्यापासून त्याच्या स्फटिकांत किती आर्गॉन अडकून राहिला हे मोजले, की घड्याळ वाचता येते. अशा मोजणीतून मनोरी-गोराई आणि साकीनाक्याच्या खडकांचे वय ६.२ कोटी वर्षांच्या आसपास, तर अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे सुमारे ६ कोटी वर्षे आले. म्हणजे सह्याद्रीतला मुख्य खेळ आटोपल्यानंतर तीस-पस्तीस लाख वर्षांनी इथे ज्वालामुखींचा दुसरा, निराळ्या स्वभावाचा अंक सुरू झाला. गिल्बर्ट टेकडीचे साठ मीटर उंच, सरळसोट खांब त्याच अंकातले आहेत. निवताना खडक आकसतो, ताण सगळ्या बाजूंनी सारखा पडतो आणि भेगा बहुकोनी खांब कापत खोल उतरतात.

हा दुसरा अंक का घडला, याचे उत्तर समुद्रापलीकडे आहे. त्या काळात सेशेल्स बेटांचा भूखंड भारताच्या पश्चिम कडेला चिकटलेला होता आणि तो याच सुमारास तुटून वेगळा होऊ लागला. सेशेल्समधल्या सिल्हूट आणि नॉर्थ या बेटांवरचे ज्वालामुखीय खडक सुमारे ६.३ कोटी वर्षांचे आहेत. मुंबईचे ते सख्खे शेजारी होते. भूखंड फाटताना त्याची कड ताणली, पातळ झाली आणि समुद्राच्या बाजूला वाकली. पनवेलजवळून उत्तर-दक्षिण गेलेला हा बाक भूवैज्ञानिकांना ‘पनवेलची वळी’ म्हणून ठाऊक आहे. घाटमाथ्यावरचे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून किल्ल्यांचे माथे सपाट दिसतात. वळी ओलांडून पश्चिमेला आले, की तेच थर समुद्राकडे कलू लागतात. मुंबईत हा कल दहा-वीस अंशांच्या घरात आहे.

मुंबई बेटाची सगळी ठेवण या कलावर बेतलेली आहे. बेटाला दोन रांगा आहेत. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळी. पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी आणि अँटॉप हिल. थर पश्चिमेला कललेले असल्यामुळे पश्चिम रांगेचा उतार समुद्राच्या बाजूला सौम्य आणि शहराच्या बाजूला कडा तुटल्यासारखा आहे. गिरगाव, मुंबई सेंट्रल, भायखळा, लालबाग, परळ, दादर ही सगळी वस्ती दोन रांगांच्या मधल्या सखल भागात आणि त्याच्या कडांवर वसली. भरतीचे पाणी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडीतून आत घुसून या सखल भागाची दलदल करून टाकत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून ती खिंड बुजवली आणि सात बेटांचे एक बेट होण्याला खरी सुरुवात झाली. पावसाळ्यात परळ-हिंदमाताला पाणी का तुंबते, याचे मूळ कारण नाले नीट साफ न होण्याच्या फार आधीचे आहे.

पश्चिम रांगेतला सर्वांत मोलाचा ठेवा लाव्ह्यात नाही, लाव्ह्याच्या खाली आहे. दोन उद्रेकांच्या मधे मोठा खंड पडला की निवलेल्या जमिनीवर पाणी साचते, तळी होतात, झाडे वाढतात, राख आणि चिखल तळाशी बसतो. पुढचा प्रवाह आला की ते सगळे त्याखाली गाडले जाते. वरळी आणि मलबार हिलच्या लाव्ह्याखाली असे राखेचे आणि पंकाश्माचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचे, थर आहेत. काही ठिकाणी त्यांत कोळशासारखी काळी पुटे आहेत. १८४०च्या दशकात वरळीच्या लव्ह ग्रोव्ह भागात पाण्याच्या निचऱ्याच्या कामासाठी खोदाई चालू असताना या थरांतून बेडकांचे सांगाडे निघाले. ते अगदी लहान होते आणि पातळ काळ्या पाटीवर हाड न हाड उमटावे तसे टिकले होते. लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. डायनोसॉर हा शब्द घडवणारा ओवेन तो हाच. १९३० साली या बेडकाला ‘इंडोबॅट्राकस’ हे आजचे नाव मिळाले.

याच थरांत डॉ. लीथ यांना गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेष मिळाले आणि मुंबईच्या सैन्यातले शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी ते शास्त्रापुढे आणले. कार्टर यांचे काम विशेष मानाचे आहे. रुग्ण तपासण्यातून उरलेल्या वेळात त्यांनी बेटाचा दगड न दगड पाहिला आणि १८५२ साली मुंबई बेटाच्या भूविज्ञानावरचा दीर्घ निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. वरळीच्या कासवाच्या शास्त्रीय नावात पुढे दोघेही अमर झाले: ‘कार्टेरेमिस लीथी’. कार्टर यांच्यानंतर १८६६ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विन यांनी बेटाची पाहणी केली, आणि विसाव्या शतकात धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले सुखेश्वाला व सेठना यांनी ती परंपरा चालवली.

बेडूक आणि कासव यांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. मुंबईचे हे ज्वालामुखी उथळ गोड्या पाण्याच्या, दलदलीच्या प्रदेशात जागे झाले. पूर्व रांगेचा आणि उपनगरांचा निराळा खडक नेमका इथून उलगडतो. तप्त शिलारस पाण्याला भिडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. लाव्हा वाहण्याऐवजी त्याचा भुगा उडतो. बारीक भुगा खाली बसून दबला की राखेचा खडक, म्हणजे टफ, होतो; राखेत धारदार कडांचे तुकडे मिसळून घट्ट झाले की संकोणाश्म होतो. शिवडीच्या बाजूला असे खडक आहेत. कान्हेरी आणि जोगेश्वरीची लेणी कोरली गेली तीही संकोणाश्मात. तो कोरायला सोपा, पण टिकायला कच्चा. जोगेश्वरीच्या लेण्यातली शिल्पे ओळखू न येण्याइतकी झडली आहेत. घारापुरीच्या लेण्याला मात्र घट्ट बेसाल्ट मिळाला आणि तिथला सदाशिव आजही नाक-ओठांच्या रेषांसकट उभा आहे. लेणे कोरणाऱ्यांनी डोंगर निवडला, त्यापुढचा निकाल दगडाने दिला.

पूर्व रांगेतल्या बेसाल्टची आणखी एक खासियत आहे. त्याला हिरवट झाक असते. सुखेश्वाला यांनी १९७४ साली मुंबईतला साधा बेसाल्ट पायरीपायरीने ‘स्पिलाइट’मध्ये कसा पालटत जातो, हे दाखवून दिले. खडकातल्या भेगांतून कोमट-गरम पाणी फिरत राहिले, की फेल्डस्पारमधले कॅल्शियम निघून जाते आणि त्याच्या जागी पाण्यातले सोडियम बसते. पायरॉक्सीन आणि काच यांचे क्लोराइट हे खनिज होते. ही हिरवी झाक त्याची. बाहेरून दगड तोच राहतो, थराची जाडी तीच राहते, आणि आतला जवळजवळ प्रत्येक कण बदललेला असतो. रूपांतर म्हटले की डोंगर दुमडण्याएवढा दाब आणि भट्टीसारखी उष्णता डोळ्यांसमोर येते. मुंबईत ते काम पाण्याने केले.

सुटलेले कॅल्शियम आणि सिलिका वाया गेले नाहीत. लाव्हा निवताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. या पोकळ्यांत ते पाणी झिरपले आणि भिंतींवर नवे स्फटिक धरू लागले: पांढरे झिओलाइट, कापसाच्या बोंडासारखे ओकेनाइट, फिकट हिरव्या द्राक्षांच्या घोसासारखे प्रेहनाइट. कांदिवली, मालाड, जोगेश्वरी आणि कुर्ल्याच्या खाणींतून निघालेले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. खडी फोडणाऱ्या मजुरांच्या लेखी त्या साऱ्या गारगोट्याच. सिन्नरला याच नावाचे एक संग्रहालय आहे आणि दख्खनच्या खडकांच्या पोटात काय दडले आहे हे पाहायला त्याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

शिलारस जमिनीखाली बराच काळ थांबला, तर जड खनिजे आधी घट्ट होऊन बाजूला पडतात आणि उरलेल्या रसात सिलिका, सोडियम, पोटॅशियम यांचे प्रमाण वाढत जाते. असा रस फिकट रंगाचा खडक देतो. मुंबईच्या उत्तरेला मालाड, मनोरी, गोराईकडे असा ट्रॅकाइट आहे. त्याचा पिवळसर, बदामी रंग मुंबईकर रोज पाहतात, कारण फोर्टमधल्या अनेक इमारती ‘मालाड स्टोन’च्या आहेत. १८७०ची डेव्हिड ससून लायब्ररी हे त्याचे नमुनेदार उदाहरण. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मालाडचा पिवळा आणि कुर्ल्याचा करडा दगड शेजारी शेजारी बसवला आहे, आणि १९२४ साली पूर्ण झालेल्या गेटवे ऑफ इंडियाला खारोडीचा पिवळा दगड लागला. या इमारती गॉथिक की भारतीय, यावर भरपूर लिहिले गेले. त्यांचा दगड शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, शहराच्याच ज्वालामुखींतून आलेला आहे, याची दखल कमी घेतली गेली. त्या खाणी आता वस्तीखाली गेल्या आहेत.

घट्ट झालेला खडक उघड्यावर आला की त्याचा ऱ्हास सुरू होतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते. ते सांध्यांतून आत शिरते, कोपरे आधी खाते, आणि चौकोनी ठोकळ्याचा कांद्यासारख्या पापुद्र्यांचा गोळा होतो. पापुद्रे सुटे झाले की मुरूम. मुरूम आणखी कुजला की माती. पण कोणती माती, हे पाऊस ठरवतो.

घाटाच्या पूर्वेला, विदर्भ-खानदेशात, पाऊस बेताचा. तिथे बेसाल्टमधली द्रव्ये पूर्ण धुऊन जात नाहीत. त्यांची फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार होते. पावसात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. हीच कापसाची काळी माती. घाटाच्या पश्चिमेला, कोकणात, पाऊस धो धो आणि त्यानंतर कडक ऊन. तिथे पाणी सिलिका, कॅल्शियम, सोडियम सगळे वाहून नेते आणि मागे उरतात लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. तो जांभा. खाणीत ओला असताना कुऱ्हाडीनेही चिरता येतो. चिरा वाऱ्यावर टाकला की त्यातले लोह सुकून कडक होते. त्याच्यावर माती फार थोडी धरते आणि पाणी टिकत नाही. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे जांभ्याची पठारे, पावसाळा संपला की ओसाड.

लालबाग-परळचा इतिहास या दोन मातींच्या भेटीतून घडला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. ताडदेवला १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी धुराड्यांनी भरून गेली. गिरणीत येणारा बराच कापूस काळ्या मातीतला होता आणि साच्यावर उभा राहणारा कामगार मोठ्या संख्येने जांभ्याच्या सड्यांवरून आलेला होता. दख्खनचा लाव्हा कोरड्या बाजूला कुजला तिथे कच्चा माल तयार झाला आणि ओल्या बाजूला कुजला तिथे शेतीवर पोट न भरणारी माणसे. अर्थात दक्षिण कोकणातला सगळा जांभा काही लाव्ह्यावरच तयार झालेला नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याखाली फार जुने खडक आहेत. आणि माणसे गाव सोडतात त्याला जमिनीशिवाय खोती, कर्ज, दुष्काळ अशी कितीतरी कारणे असतात. तरी कोकणातून मुंबईची वाट का धरली गेली, याचा विचार सड्यावरच्या वीतभर मातीशिवाय पुरा होत नाही.

रूपांतरित खडकांचे ठळक नमुने मुंबईत उघड्यावर नाहीत, पण ते पायाखाली आहेत. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडले तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला आणि खाली गाळाच्या पातळ थरानंतर पट्टेदार, रूपांतरित जुना खडक लागला. कोयनेच्या भागात तोच खडक नऊशे मीटरहून खोल सापडला. विदर्भात आणि सिंधुदुर्गात लाव्ह्याचे पांघरूण नाही तिथे हा तळ उघडा पडतो. नागपूर जिल्ह्यात चुनखडकाचा संगमरवर झालेला आहे आणि त्याच्या सोबतीला मँगनीज आहे. वेंगुर्ल्याजवळ रेडीला लोहखनिज आहे. हे सगळे खडक लाव्ह्यापेक्षा कित्येक पटींनी म्हातारे.

मुंबईकरांच्या घरात मात्र गाळाचे आणि रूपांतरित खडक रेल्वेने आले. १८७१ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळाला आणि वाटेवरच्या शहाबादची फरशी मुंबईच्या आवाक्यात आली. चाळींच्या खोल्यांत आणि गॅलऱ्यांत बसवलेली ती करडी शहाबादी आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडक आहेत, समुद्राच्या तळाशी साचलेले. त्यांच्यात शिंपले किंवा शंख शोधूनही सापडत नाहीत, कारण ते साचले तेव्हा कवच धारण करणारे प्राणी अजून निर्माणच झाले नव्हते. त्यांचे वय पन्नास कोटी वर्षांहून कितीतरी अधिक आहे. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडला आणि पुसायचा राहिला, तर काळ्या पृष्ठभागावर पांढुरका डाग उमटतो आणि तो घासूनही जात नाही. आम्लाने तिथला चुना खाल्लेला असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर असे होत नाही. त्यात चुनखडक नसतो. देवघरात बसवलेला मकराण्याचा संगमरवर म्हणजे असाच चुनखडक खोल दबून, तापून पुन्हा स्फटिकरूप झालेला. तोही लिंबाला घाबरतो.

फोर्टमधल्या कोरीव कामालाही हाच नियम लागू आहे. १८६४च्या फ्लोरा फाउंटनच्या मूर्ती इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंडच्या चुनखडकात घडवल्या आहेत. राजाबाई टॉवरसारख्या इमारतींचे नक्षीकाम पोरबंदरच्या दगडात आहे. तो शिंपल्यांच्या वाळूपासून बनलेला, मऊ, सुरीने तासता येईल असा. शिल्पकाराला तो सोयीचा, पण मुंबईच्या खाऱ्या, धुरकट हवेला तोंड देताना तो झडतो. शेजारचा काळा बेसाल्ट दीडशे वर्षांत जेमतेम मळला आहे. परळच्या बारादेवी मंदिरातले शिवाचे भव्य शिल्प १९३१ साली परळ-शिवडी रस्त्याच्या खोदाईत निघाले. पाचव्या-सहाव्या शतकातले, तीन मीटरहून उंच, फिकट दगडातले हे शिल्प कित्येक शतके जमिनीत गाडले गेले होते, आणि त्याचे तपशील टिकायला या गाडले जाण्याने बहुधा मदतच केली.

नवा खडक तयार होण्याचे काम मुंबईच्या किनाऱ्यावर आजही चालू आहे. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाणी आत-बाहेर करताना त्यातला चुना विरघळतो आणि पुन्हा कणांच्या मधे साका धरतो. काही हजार वर्षांत, कधी त्याहूनही लवकर, वाळूचा दगड होतो. जुन्या अभ्यासकांनी त्याला किनाऱ्यावरचे काँक्रीट म्हटले. कोकणात त्याला करल म्हणतात. याच किनाऱ्याच्या पूर्वेला शिवडीची खाडी निराळा गाळ साठवते. नद्यांनी घाटातून आणलेला बारीक चिखल तिथे बसतो, फ्लेमिंगो त्यात चोच घालतात, आणि पुरेसा खोल दबला तर त्याचा पंकाश्म होईल.

हा किनारा स्थिर नाही याची साक्ष प्रिन्सेस डॉकने दिली. १८७०च्या दशकात ती गोदी खणताना भरतीच्या पातळीखाली बराच खोल चिखलात साडेतीनशेहून अधिक झाडांचे बुंधे निघाले. बरेचसे उभे, मुळांनी जमीन धरलेले, झाडे खैराची. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि नंतर तो चढत आला. गोदीच्या त्या खैराच्या जंगलावर पाणी चढले ते समुद्र वाढल्यामुळे, की जमीन खचल्यामुळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

बेटाच्या आतला खडक पाहायची संधी अलीकडे बोगद्यांनी दिली. गिरगाव चौपाटीपासून मलबार हिलखालून प्रियदर्शिनी पार्कपर्यंत नेलेले किनारी रस्त्याचे दोन बोगदे ‘मावळा’ या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राने खणले आणि २०२४ साली त्यांतून वाहतूक सुरू झाली. काळबादेवी, गिरगाव, वरळी, दादर अशी जमिनीखालून जाणारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण लांबीने धावू लागली. बोगद्याच्या अभियंत्याला बेसाल्ट कठीण असला तरी परवडतो. छत स्वतःला सावरून धरते. राखेचे खडक आणि लाव्ह्यांमधले पंकाश्म यांची भीती अधिक, कारण उघडे पडून हवा-पाणी लागले की ते फुगतात आणि सुटतात. थर पश्चिमेला कललेले असल्यामुळे एकाच पातळीवर चाललेला बोगदा थोड्या थोड्या अंतराने खडक बदलतो. वरळीच्या बेडकांचे थर अशा खोदाईत पुन्हा काही काळ उजेडात येतात आणि काँक्रीटच्या अस्तरामागे जातात. प्रत्येक मोठ्या खोदाईच्या वेळी नमुने गोळा करून ते शहरातल्या एखाद्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवण्याची सक्तीच असायला हवी; इमारतींखाली झाकल्या गेलेल्या या बेटावर दुसरी संधी मिळत नाही.

समुद्राच्या बाजूला हीच कहाणी पुढे चालू राहते. सेशेल्स तुटून गेल्यावर भारताची पश्चिम कड खचत गेली. जमिनीवर निवलेला लाव्हा पाण्याखाली गेला आणि त्यावर आधी किनारी चिखल, मग उथळ समुद्रातला चुनखडक साचला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या समुद्री फलाटावरून १९७४ साली खोदाई झाली आणि मुंबई हायचे तेल सापडले. ते तेल दोन कोटी वर्षांच्या आसपासच्या सच्छिद्र चुनखडकात भरून राहिले आहे. ते तिथे तयार मात्र झालेले नाही. त्याचे मूळ खालच्या, लाव्ह्यावर लगेच बसलेल्या ‘पन्ना’ नावाच्या थरांतल्या काळ्या चिखलात आहे. त्या चिखलातले वनस्पतींचे आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष वरच्या गाळाच्या ओझ्याने दबले, खोलीवरच्या उष्णतेने तापले, तेल झाले आणि वर झिरपत चुनखडकात येऊन अडकले.